हजेरीपट आणि तराजू

१९८६ या एकाच वर्षी मराठीत दोन आत्मकथने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. एक शांताबाई कांबळे यांचे 'माझ्या जल्माची चित्तरकथा' आणि दुसरे बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं'. दोन्ही लेखिकांचे आडनाव एक, जात एक, पिढीही जवळपास एकच. एकीचे गाव सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यातले महूद, दुसरीचे सासर-माहेर सातारा जिल्ह्यातल्या फलटणचे. माणदेशाच्या अवर्षणग्रस्त पट्ट्याच्या या दोन कडा. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांविषयी बोलताना ही दोन नावे आपण इतक्या सहजपणे जोडीने घेतो, की त्यांच्यातला एक साधा आणि महत्त्वाचा फरक नजरेआड होतो. शांताबाई शिक्षिका होत्या आणि बेबीताई दुकानदार. एकीचा संसार महिन्याच्या पगारावर उभा राहिला, दुसरीचा रोजच्या गल्ल्यावर.

या पुस्तकांच्या जन्माची आपण देतो ती कारणमीमांसा ठरलेली असते. आंबेडकरी चळवळ, साठोत्तरी दलित साहित्य, १९७५ नंतरची स्त्रीमुक्ती चळवळ आणि नियतकालिकांचे प्रोत्साहन. ती खरी आहे, पण पुरेशी नाही. चळवळ हजारो बायकांपर्यंत पोहोचली होती. लिहिले मात्र मोजक्या जणींनी. लिहायला वेळ लागतो, बसायला जागा लागते, कागद लागतो, आणि आपले सांगणे ऐकण्याजोगे आहे असा विश्वास लागतो. या गोष्टी कोणत्या कामातून, कोणत्या कमाईतून मिळाल्या, हा प्रश्न वाङ्मयाच्या इतिहासात सहसा विचारला जात नाही. या दोन बायकांच्या बाबतीत तो विचारला, तर पुस्तकांच्या घडणीविषयीही काही हाती लागते, असे मला वाटते.

१

शांताबाईंचा जन्म १ मार्च १९२३ चा. माहेरचे नाव नाजा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, सरकारी शाळा, दवाखाने, न्यायालये अस्पृश्यांना खुली असावीत असे त्यात म्हटले होते. कागदावरचा हा ठराव प्रत्यक्षात यायला किती अवधी लागला, हे चवदार तळ्याच्या १९२७ च्या सत्याग्रहाने सगळ्यांना दाखवून दिले. गावोगावच्या शाळांत तर त्याची अंमलबजावणी गावाच्या मर्जीवर होती. शाळेत नाव घातले जाई, हजेरीपटावर ते चढेही. पण मूल बसे ते वर्गाबाहेर, पायरीपाशी किंवा भिंतीकडेला. नाव आत आणि देह बाहेर, ही त्या पिढीच्या दलित विद्यार्थ्याची अवस्था होती. शांताबाईंचे शिक्षण याच अवस्थेत सुरू झाले. दिवसभर राबणाऱ्या, अनेकदा उपाशी राहणाऱ्या आईबापांनी मुलीला शिकवायचे ठरवले, हीच त्या घरातली पहिली क्रांती होती. पुस्तकही त्यांनी आईबापांनाच अर्पण केले आहे.

बेबीताईंचा जन्म १९२९ चा, आजोळी, पुरंदर तालुक्यातल्या वीरगावला. घरातले काही पुरुष साहेबाकडे बटलर म्हणून नोकरीला होते, त्यामुळे महारवाड्याच्या मानाने आजोळची परिस्थिती बरी होती. वडील कंत्राटे घेत, मिळवत आणि वाटून टाकत. आईला मात्र त्यांनी घराच्या चार भिंतींत कोंडून ठेवले होते. त्या काळी बायकोला घराबाहेर पडू न देणे ही वरच्या जातींची प्रतिष्ठेची खूण होती. ती परवडेल तेवढी मिळकत आली, की महारवाड्यातला पुरुषही ती उचलत असे. ही गोष्ट बेबीताईंनी फार नेमकी हेरली आहे. १९२९ हेच शारदा कायद्याचे वर्ष. त्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले; पण कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता आणि फलटण हे नाईक निंबाळकरांचे संस्थान. बेबीताई चौथी शिकल्या आणि तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले.

म्हणजे साधारण १९४२ चा सुमार. त्याच वर्षी जुलैमध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या, बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते आणि हजारो बायका आल्या होत्या. आणि त्याच १९४२ मध्ये शांताबाई सोलापूर जिल्हा लोकल बोर्डाच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाल्या. जिल्ह्यातल्या त्या पहिल्या दलित शिक्षिका मानल्या जातात. एकाच वर्षाची ही तीन चित्रे शेजारी ठेवली, म्हणजे त्या काळाचा ताण कळतो. नागपुरात परिषद, महूदच्या बाजूला खुर्चीवर बसलेली महाराची लेक आणि फलटणला डोक्यावरून पदर घेतलेली तेरा वर्षांची नवरी.

२

मराठी साहित्यात माणदेशातल्या खेड्यात जाणारा शिक्षक म्हटला, की आपल्याला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आठवते. औंध संस्थानातला तो कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर जातो, शाळा चालवतो, तालीम बांधायला घेतो आणि शेवटी दुष्काळाने ओस पडलेल्या वाडीतून परत फिरतो. कादंबरी थोर आहे, यात वाद नाही. पण त्या मास्तरापुढे काही प्रश्न उभेच राहत नाहीत. तो वाडीत राहायला आला म्हणून पाणवठा बाटत नाही, मुलाची पाटी हातात घेतली म्हणून आई मुलाला आंघोळ घालत नाही. शांताबाईंच्या पुस्तकाशेजारी ठेवून 'बनगरवाडी' पुन्हा वाचली, तर ग्रामीण शिक्षकाची आपली प्रतिमा किती एका जातीची आणि एका लिंगाची होती, हे ध्यानात येते. विद्यार्थ्यांना ही दोन पुस्तके एकत्र शिकवायला हरकत नसावी.

१९२३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातले प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे सोपवले होते. सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, ही प्राथमिक शिक्षकाच्या नोकरीची किल्ली असे. नोकरी थोड्या पगाराची, पण नियमित. बदल्या पाठीमागे लागलेल्या. वर दिपोटी, म्हणजे शाळा तपासायला येणारा अधिकारी. तो येणार म्हटले की शाळा सारवली जाई आणि मास्तरांच्या छातीत धडधडे. या व्यवस्थेचे दोष पुष्कळ होते. परंतु गावगाड्यात जिला हक्काने उभे राहायला जागा नव्हती, अशा बाईला तिने तीन गोष्टी दिल्या. स्वतःच्या नावावरचा पगार, स्वतःच्या सहीचा हजेरीपट, आणि 'बाई' हे संबोधन. 'अगं ए' आणि 'बाई' यांतले अंतर शब्दकोशात सापडत नाही. जिच्या सावलीचा विटाळ मानला जाई, तिच्या हातून गावातली मुले मुळाक्षरे गिरवू लागली. इथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. महूदपासून जवळच असलेले पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले झाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. शांताबाई त्याच्या पाच वर्षे आधी शाळेच्या खुर्चीवर बसल्या होत्या. विठोबाच्या आधी पाटीने दार उघडले.

पगाराचे मोल त्यांना लौकरच कळले, आणि तेही घरातून. पती स्वतः शिक्षक होते. त्यांनी दुसरे लग्न केले. सवतीच्या संसारात निमूट नांदणे हा त्या काळचा शिरस्ता होता. शांताबाईंनी तो मानला नाही. त्या माहेरी निघून आल्या. आंबेडकरी विचारांचा संस्कार याच्या मुळाशी होताच. पण स्वाभिमान टिकवायला रोजची भाकरीही लागते, आणि ती देण्याची ताकद हाताशी असलेल्या शिक्षणात होती. या प्रसंगाचे त्यांचे निवेदन अतिशय कोरडे आहे. आक्रोश नाही, शापवाणी नाही. झाले ते असे झाले, मी हे केले. दाखल्यावर नोंद करावी तसे. पुढे संसार पुन्हा उभा राहिला, मुले झाली, शिकली.

दहा वर्षांच्या नोकरीनंतर त्यांनी पुण्यात अध्यापनाचे दोन वर्षांचे प्रशिक्षण घेतले आणि नंतर सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून काम केले. जी मुलगी दिपोटीच्या तपासणीत वर्गाबाहेरून उत्तर द्यायची, तीच आता शाळा तपासू लागली. त्यांची नोकरी लोकल बोर्डात सुरू झाली; १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या; निवृत्ती १९८१ ची. म्हणजे महाराष्ट्राच्या ग्रामीण प्राथमिक शिक्षणाचे एक अख्खे पर्व त्यांच्या सेवापुस्तिकेत सामावले आहे. लेखनाला त्यांनी हात घातला तो निवृत्तीनंतर. १९८३ मध्ये 'पूर्वा' मासिकातून ते लेखन प्रथम छापून आले.

३

बेबीताईंची वाट निराळी. चौथी शिकलेल्या, लहान वयात लग्न झालेल्या बाईला नोकरी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. नवऱ्यालाही नियमित काम नव्हते. महारकीची कामे, येसकराची पाळी, गावभर फिरून मागून आणलेली भाकरी, मेलेले जनावर ओढणे, ही वतनाची मिरास. ती सोडा, असे बाबासाहेब सांगत होते. पण सोडून करायचे काय? कायद्याने ही वतने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. तोवर वतन नाकारणारा माणूस आपल्या जबाबदारीवर उपाशी राहत असे. नोकरी मिळत नसेल तर स्वतःचा लहानसा धंदा करा, हा बाबासाहेबांचा सल्ला मनात धरून बेबीताईंनी आणि त्यांच्या पतीने आधी सुटी द्राक्षे विकायला घेतली, मग भाजीपाला, आणि हळूहळू महारवाड्यातच किराणामालाचे दुकान उभे राहिले. इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या, माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत ही हकिगत त्यांनी सांगितली आहे.

या दुकानाचा अर्थ समजायला 'जिणं आमुचं' मधलाच एक प्रसंग पाहावा लागतो. महार बायका वाण्याच्या दुकानी सौदा घ्यायला जातात. त्या दुकानात पाऊल टाकत नाहीत. अंगणात, लांब, अंग चोरून उभ्या राहतात. मीठमिरची, गूळ असा पैशा-दोन पैशांचा जिन्नस अजीजीने मागतात. वाण्याचे पोर मध्येच धावत येते, तेव्हा बाप त्याला त्या बाईला शिवू नको म्हणून बजावतो. आणि ती बाईसुद्धा पोराला लांब राहायला विनवते. बेबीताईंच्या लेखनाची धार या शेवटच्या तपशिलात आहे. वाणी पोराला शिकवतो हे अपेक्षितच. पण विटाळाचा धडा द्यायला ती बाईही हातभार लावते. गुलामी अंगात कशी मुरते, हे सांगायला त्यांना सिद्धान्ताची गरज पडत नाही. त्याच पुस्तकात सरपणाच्या मोळ्या विकणाऱ्या बायका येतात. विटाळ होऊ नये म्हणून लाकडाला केसबीस चिकटला नाही ना, हे तपासून मगच त्यांना मोळी ब्राह्मणाच्या अंगणात रचावी लागे.

ज्या बाईच्या मनावर हे उमटले होते, ती बाई आता तराजूपाशी बसली. समोर अंगणात उभे राहायचे कुणाला कारण उरले नाही. मीठ हवे ते हातात मिळू लागले. मराठी कथा-कादंबऱ्यांत किराणा दुकानदार म्हणजे काटा मारणारा वाणी, सावकाराचा सख्खा भाऊ. ही प्रतिमा अनुभवातूनच आली आहे, खोटी नाही. पण महारवाड्यातल्या या दुकानाने तिला एक वेगळी बाजू जोडली. इथे दुकान हे प्रतिष्ठेचे साधन झाले. बाहेरून पाहणाऱ्याला हे चार बरण्यांचे, दोन पोत्यांचे दुकान वाटेल. आतून पाहणाऱ्याला ते गावगाड्यातून काढून घेतलेले एक कोपरे होते.

लिहिणे आले तेही या दुकानातून. पुड्या बांधायला रद्दी लागते. नवरा माल आणायला बाहेर गेला, गिऱ्हाईक नसले, की बेबीताई ती रद्दी वाचत. वर्तमानपत्राचे फाटके तुकडे, मासिकांची सुटी पाने. चौथीत थांबलेले शिक्षण पुड्यांच्या कागदावर पुढे चालू झाले. वाचता वाचता त्या लिहू लागल्या, आणि सुमारे वीस वर्षे घरच्यांच्या नजरेआड लिहीत राहिल्या. नवरा आणि मोठा मुलगा यांना कळले तर काय होईल, ही भीती होती. वह्या लपवलेल्या असत. हे लक्षात घेतले, म्हणजे दुकान ही किती विलक्षण जागा होती ते कळते. घरात बाईला एकांत मिळत नाही, कारण घर सगळ्यांचे असते. शेतात-रानात हात रिकामे नसतात. दुकानात मात्र बसून राहणे हेच काम असते. गिऱ्हाइकांच्या मधल्या त्या मोकळ्या क्षणांत एक पुस्तक उभे राहिले.

मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाभ्यासक फलटणला येऊन स्थायिक झाल्या होत्या. त्यांच्याशी बेबीताईंची ओळख झाली, वह्या बाहेर आल्या, आणि १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून हे लेखन क्रमशः छापले गेले. फलटण तालुक्यानेच लक्ष्मण मानेही दिले. त्यांचे 'उपरा' १९८० चे. पण 'उपरा' लिहिणारा तरुण चळवळीच्या वर्तुळात वावरत होता. दुकानातली बाई एकटी लिहीत होती.

४

आता पुन्हा शीर्षकांकडे पाहू. 'माझ्या जल्माची' आणि 'जिणं आमुचं'. एक एकवचनी, दुसरे अनेकवचनी. हा फरक केवळ शीर्षकापुरता नाही.

शांताबाईंचे पुस्तक लहान लहान प्रसंगांचे आहे. गाव, शाळा, बदली, बाळंतपण, दुष्काळ, पुन्हा बदली. वाक्ये आखूड, बोलीतली, अलंकाराच्या वाटेला न जाणारी. 'जल्म' हा उच्चार त्यांनी शीर्षकातही राखला. आयुष्यभर मुलांची शुद्धलेखने तपासणाऱ्या बाईने तो राखला, याला महत्त्व आहे. 'चित्तरकथा' या शब्दात चित्रकथीच्या पोथीची आठवण आहे. एकेक चित्र समोर धरायचे आणि गोष्ट पुढे न्यायची. चित्रांना जोडणारा धागा मात्र सेवेचा आहे. नोकरदाराचे आयुष्य तारखांनी आणि गावांनी मोजले जाते, त्यावर एक नाव असते. म्हणूनच या पुस्तकातला 'मी' ठाम आहे. तो मोठ्याने बोलत नाही, पण ढळतही नाही.

'जिणं आमुचं' याच्या अगदी उलट. त्यात बेबीताईंचे स्वतःचे आयुष्य सलगपणे सापडत नाही. सापडतो तो महारवाडा. आषाढातले सण, पोतराज, अंगात येणारी दैवते, बाळंतिणीची उपासमार, मुलांची मरणे, सुनेने पळून जाऊ नये म्हणून तिच्या पायात अडकवलेला लाकडी खोडा, संशयावरून बायकोचे नाक कापणारे पुरुष, आणि मग जेजुरीला बाबासाहेबांचे भाषण आणि त्यानंतर ढवळून निघालेली वस्ती. निवेदन कधी दमदार कीर्तनासारखे चढते, कधी भांडणाला उभे राहते, कधी स्वतःच्याच समाजाला फटके देते. शेवटी शिकून-सवरून मोठ्या झालेल्या आणि बाबासाहेबांना विसरलेल्या सुशिक्षितांना त्यांनी बिलकूल सोडलेले नाही.

हे 'आम्ही' कुठून आले? आंबेडकरी सभांच्या भाषेतून, हे एक उत्तर. पण दुकान हेही एक उत्तर असावे, असे मला वाटते. पुरुषांना चावडी असते, पार असतो. बायकांना पाणवठा, आणि महार बायकांना तर तोही वेगळा. वस्तीतले किराणा दुकान ही अशी जागा, की तिथे दिवसातून एकदा तरी प्रत्येक घरातली बाई किंवा पोर येतेच. कुणाकडे तेल संपले, कुणी आज उधारीवर नेले, कुणाच्या घरी बाळंतीण आहे, कुणाच्या घरी चूल नाही, हे दुकानदाराला विचारावे लागत नाही; ते सौद्यातून कळते. शिक्षिका वर्षाला एक तुकडी पाहते आणि बदलीने गाव सोडते. दुकानदार एकाच जागी बसतो आणि सगळी वस्ती त्याच्यापुढून जाते. एकीला 'मी' सापडला आणि दुसरीला 'आम्ही', यात स्वभावाचा भाग असेल, जागेचाही आहे.

ही मांडणी ताणली तर तुटेल, याची जाणीव आहे. व्यवसायातून शैली यांत्रिकपणे निघत नाही. पण पूर्वीच्या स्त्री-आत्मकथनांशी तुलना केली, की मुद्दा स्पष्ट होतो. रमाबाई रानड्यांच्या आठवणी (१९१०) किंवा लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ही मराठीची लेणी आहेत. त्यांच्या केंद्रस्थानी पती आहे, कारण संसाराचा कणा त्याचे काम आणि त्याचे निर्णय हा आहे. लक्ष्मीबाई त्या निर्णयांची गंमत करतात, त्यांच्याशी झुंजतात, पण कथा त्या निर्णयांच्या मागोमाग चालते. दोन्ही कांबळे बायकांच्या पुस्तकांत नवरा केंद्रस्थानी नाही. याचे कारण केवळ विचारात शोधून चालणार नाही. घर त्यांच्याही हातांवर उभे होते. उर्मिला पवारांच्या 'आयदान' मध्ये (२००३) तेच दिसते. तिथे बांबूच्या टोपल्या, सुपे विणणारे आईचे हात हेच पुस्तकाच्या शीर्षकाला आणि घडणीला कारण होतात.

५

आपल्याकडे 'कर्ता पुरुष' हा शब्दप्रयोग रूढ आहे. 'कर्ती बाई' म्हटले, की त्यात कौतुकाबरोबर थोडी कीवही मिसळते. पुरुष गेला किंवा नालायक निघाला म्हणून बाईला कर्ते व्हावे लागले, असा अर्थ आपण गृहीत धरतो. या दोघी पुरुष असतानाच कर्त्या होत्या. पण कर्तेपणाबरोबर सत्ता आपोआप आली नाही, आणि या लेखाचा सगळ्यात अवघड भाग तोच आहे.

बेबीताईंना दहा मुले झाली, त्यांतली तीन दगावली. दुकान, बाळंतपणे, स्वयंपाक, चळवळीच्या सभा हे सगळे एकाच वेळी. आणि याच काळात नवऱ्याचा संशय आणि मारहाण. ही गोष्ट त्यांनी माया पंडितांच्या मुलाखतीत मोकळेपणाने सांगितली. 'जिणं आमुचं' मध्ये मात्र ती स्वतःच्या नावाने येत नाही. पुस्तकात खोडा येतो, कापलेली नाके येतात, सासवांचा छळ येतो. म्हणजे हिंसेचे वर्णन आहे, आणि ते मराठीत क्वचितच इतके उघड झाले असेल. फक्त लिहिणारीचे शरीर त्यातून वगळले आहे. 'आम्ही' या शब्दाने त्यांना बोलण्याचे बळ दिले. त्याच शब्दाआड त्यांना स्वतःला लपवावेही लागले. समाजाचे दुःख सांगायचे तर स्वतःतल्या बाईला मागे ठेवावे लागते, हा सौदा त्यांनी जाणून केला होता. तराजूपाशी बसणाऱ्या बाईला काय दिले आणि काय घेतले, याचा हिशेब पक्का ठाऊक असणार.

शांताबाईंचे उलट. त्यांनी नवऱ्याचे दुसरे लग्न छापील पानावर आणले. त्या वेळी पती, सवत, मुले, नातलग सगळ्यांचा प्रश्न होता. मुलगा अरुण कांबळे तोवर दलित पँथरचा नेता आणि 'रामायणातील संस्कृतिसंघर्ष' (१९८२) चा लेखक म्हणून महाराष्ट्राला माहीत झाला होता. अशा घरातल्या आईने घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडली. 'मी' म्हणणाऱ्या बाईला हे शक्य झाले. पण तिच्या 'मी' ला मर्यादाही आहे. त्यात बेबीताईंइतका समाजाचा पसारा येत नाही, आणि स्वतःच्या लोकांना बोल लावण्याचे ते धाडस येत नाही. दोन पुस्तके एकमेकांच्या रिकाम्या जागा भरतात. म्हणून ती जोडीने वाचायची. दलित स्त्रीचा 'एक' अनुभव म्हणून ती एकत्र बांधली, तर दोन्हींवर अन्याय होतो. शर्मिला रेगे यांनी २००६ च्या आपल्या ग्रंथात या आत्मकथनांना इतिहासाची साक्ष म्हणून वाचले, त्याचे मोल हेच. साक्षी वेगवेगळ्या असल्या तरच खटला उभा राहतो.

६

दोघींनाही दीर्घायुष्य लाभले. बेबीताईंनी पुढे फलटणजवळच्या एका लहान खेड्यात मागास जमातींच्या मुलांसाठी आश्रमशाळा काढली. चौथीत शिक्षण थांबलेली दुकानदार बाई शाळा चालवू लागली. दुकानाने त्यांना जे दिले ते असे शाळेकडे परत आले. २००८ मध्ये 'जिणं आमुचं' चा माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद निघाला आणि पुस्तक देशभरच्या विद्यापीठांत पोहोचले. २०१२ मध्ये, ऐंशी ओलांडून, त्या गेल्या.

शांताबाईंची कथा १९९० मध्ये 'नाजुका' या नावाने मुंबई दूरदर्शनवर मालिका होऊन घराघरांत गेली. २००९ मध्ये अरुण कांबळे यांचा हैदराबादेत अकाली मृत्यू झाला. आई मागे राहिली. जानेवारी २०२३ मध्ये, शंभरी पुरी व्हायला काही आठवडे उरले असताना, शांताबाईंचे निधन झाले. ज्या वर्षी बोले ठराव झाला त्या वर्षी जन्मलेली ही बाई त्या ठरावाच्या शताब्दी वर्षापर्यंत जगली. दीर्घायुष्याचे कौतुक आपण आशीर्वाद म्हणून करतो. त्यात किती मरणे पाहावी लागतात, हे घरच्या थोरल्या बाईलाच ठाऊक असते.

वर्गात ही पुस्तके शिकवताना आपण बहुधा वेदना, विद्रोह, अस्मिता या शब्दांनी सुरुवात करतो. हे शब्द वापरून इतके गुळगुळीत झाले आहेत, की परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते कोणत्याही दलित आत्मकथनाखाली बसतात. त्याऐवजी एक साधा प्रश्न विचारून पाहावा. ही बाई महिन्याच्या एक तारखेला काय करत होती? शांताबाईंच्या बाबतीत उत्तर येईल, पगाराच्या पत्रकावर सही. बेबीताईंच्या बाबतीत, उधारीची वसुली. या उत्तरापासून वाचायला सुरुवात केली, तर वेदना आणि विद्रोह आपापल्या जागी, आपापल्या वजनाने येतील. त्या सहीचा आणि त्या वसुलीचा हक्क त्यांच्या आयांना नव्हता. दोन पुस्तके लिहिली जाण्याआधी तो मिळवावा लागला होता, आणि मिळवताना कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.